इज्वी बेटाचा गलगंड: कमतरता आणि कारण

गलगंड कशामुळे होतो, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो न अडखळता उत्तर देतो: आयोडीनच्या कमतरतेमुळे. हे उत्तर चुकीचे नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनाने ते पक्के केले आहे आणि मिठात आयोडीन मिसळण्याची जगभरातली मोहीम त्याच पायावर उभी आहे. पण बरोबर असलेले उत्तर पूर्ण असतेच असे नाही. आयोडीनची टंचाई सारखीच असलेल्या दोन गावांपैकी एका गावात दर दुसऱ्या माणसाचा गळा सुजलेला असेल आणि दुसऱ्यात विसांपैकी एखाद्याचाच, तर केवळ टंचाईकडे बोट दाखवून या फरकाचा उलगडा होत नाही. नेमका असा फरक आफ्रिकेतल्या एका बेटावर आढळला. काँगो आणि रुवांडा यांच्या मधोमध पसरलेल्या किवू सरोवरातले इज्वी हे ते बेट. उत्तर-दक्षिण सुमारे चाळीस किलोमीटर लांब, डोंगराळ, दाट वस्तीचे, शेतीवर जगणारे. १९६० च्या दशकात बेल्जियन संशोधकांनी तिथे केलेल्या पाहण्यांनी गलगंडाच्या कारणमीमांसेला एक वेगळे वळण दिले. पुढील पानांचा विषय तेच बेट आहे. मात्र बेटाचे निमित्त करून ही प्रस्तावना एक व्यापक मुद्दा मांडू पाहते: गलगंडाचे कारण एखाद्या पदार्थाच्या अभावात शोधण्यापेक्षा दोन पदार्थांमधल्या प्रमाणात शोधावे लागते, आणि हे एकदा मान्य केले की रोगाकडे, अन्नाकडे आणि उपायाकडे पाहण्याची रीतही बदलते.

बेट म्हटले की डोळ्यांसमोर समुद्र येतो, आणि समुद्राबरोबर मासळी व आयोडीन. इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वीवरच्या आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. तिथून ते हवेत जाते, पावसाबरोबर जमिनीवर उतरते, मातीत मुरते, पिकांत आणि जनावरांत शिरते आणि अखेर माणसाच्या ताटात येते. ही साखळी कुठेही तुटू शकते. ज्या डोंगरउतारांची माती वर्षानुवर्षे पावसाने धुपून गेली आहे, तिथल्या पिकांत आयोडीन नावापुरते उरते. इज्वी बेट समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. त्याच्या भोवतीचे पाणी गोडे आहे आणि गोड्या पाण्यातल्या माशांत समुद्री माशांइतके आयोडीन नसते. तेव्हा चहूबाजूंनी पाणी असूनही हे बेट आयोडीनच्या दृष्टीने कोरडेच आहे. खरे तर प्रत्यक्ष समुद्राने वेढलेली बेटेही या रोगातून सुटलेली नाहीत, हे पुढे टास्मानियाच्या उदाहरणात दिसेल. बेटाचे महत्त्व त्याच्या किनाऱ्यात नसून त्याच्या मर्यादेत आहे. लहानशा जागेत, साधारण एकाच प्रकारच्या समाजात, एकाच हवामानात रोगाचे प्रमाण टोकाचे बदलत असेल, तर कारणांची यादी आपोआप आखूड होते.

मुळात ग्रंथी सुजते कशी, हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. थायरॉइड ग्रंथी रक्तातले आयोडीन ओढून घेते आणि त्यापासून संप्रेरके बनवते. त्यातल्या थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम, आणि गरोदर स्त्रीला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. संप्रेरक कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक अधिक सोडते. त्या सततच्या तगाद्याने थायरॉइडच्या पेशी वाढतात, ग्रंथी मोठी होते आणि तुटपुंज्या आयोडीनमधून जास्तीत जास्त ओढून घेऊ लागते. म्हणजे गलगंड हा सुरुवातीला बिघाड नसतो, ती जुळवून घेण्याची धडपड असते. ही धडपड यशस्वी झाली तर माणूस सुजलेल्या गळ्यानिशी बऱ्यापैकी आयुष्य काढतो. ती अपुरी पडली आणि पोटात वाढणाऱ्या बाळाला संप्रेरक मिळाले नाही, तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती हानी नंतर भरून येत नाही. वयात येणाऱ्या मुली आणि गरोदर बायका यांच्यात हा रोग अधिक दिसतो, कारण त्यांची गरज मोठी असते. गळ्याची सूज हे दिसणारे लक्षण असले, तरी खरी किंमत पुढची पिढी मोजत असते.

आयोडीनच्या कमतरतेचा सिद्धान्त सहजासहजी रुळलेला नाही. १८११ मध्ये फ्रान्समध्ये कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. काहींना गुण आला, काहींची छाती धडधडू लागली, आणि क्वांदे यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढे शतकाच्या मध्यावर शातँ यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्यातले आयोडीन मोजून कमतरतेचा आणि रोगाचा संबंध दाखवला, पण तो त्यांच्या समकालीनांच्या गळी उतरला नाही. थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन असते हे बाउमान यांनी १८९५-९६ च्या सुमारास दाखवले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले. निर्णायक पुरावा अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरातून आला. तिथे मरीन आणि किंबॉल यांनी शाळकरी मुलींना आयोडीन देऊन पाहिले. ते घेतलेल्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली, तर न घेतलेल्या २,३०५ मुलींपैकी ४९५ जणींची. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने मिठात आयोडीन घालायला सुरुवात केली. एवढ्या ठसठशीत यशानंतर बाकीच्या शंका मागे पडल्या, यात नवल नाही.

पण शंका संपल्या नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट मॅककॅरिसन यांना असे दिसले होते की एकाच पाटाचे पाणी पिणाऱ्या गावांत वरून खाली येताना गलगंडाचे प्रमाण वाढत जाते. पाणी तेच, डोंगर तोच, तरी फरक का? त्यांनी दोष पाण्यातल्या घाणीला आणि जंतूंना दिला. ते स्पष्टीकरण टिकले नाही, पण त्यांचे निरीक्षण मात्र सोयीच्या सिद्धान्तात सहज बसणारे नव्हते. १९२८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चेस्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सशांना मुख्यतः कोबीवर ठेवल्यामुळे गलगंड झाला. म्हणजे रोजच्या खाण्यातली एखादी भाजीही ग्रंथीच्या कामात अडथळा आणू शकते, हे प्रयोगातून पुढे आले. उच्च रक्तदाबावर पूर्वी थायोसायनेट हे औषध देत असत. ते घेणाऱ्या काही रोग्यांचे गळे सुजल्याच्या नोंदी १९३० च्या दशकापासून मिळतात. हे सगळे पुरावे सुटे सुटे पडून होते. एखाद्या वस्तीत, माणसांच्या रोजच्या जेवणात, असा अडथळा खरोखर रोगाला कारण होतो का, हे दाखवणारी जागा हवी होती. ती इज्वीवर सापडली.

फ्रान्स्वा देलांज, आंद्रे एर्मान्स, क्लोद तिली आणि त्यांचे सहकारी यांनी बेटाच्या उत्तर आणि नैऋत्य भागांतल्या लोकांची तपासणी केली. उत्तरेत जवळपास ५४ टक्के लोकांना गलगंड होता, नैऋत्येत जेमतेम ५ टक्के. दोन्हीकडे मुख्यतः हावू समाजाचे लोक, दोन्हीकडे शेती, दोन्हीकडे समुद्री मिठाचा आणि मासळीचा अभाव. स्वाभाविक अपेक्षा अशी की नैऋत्येत आयोडीन भरपूर मिळत असेल. प्रत्यक्षात लघवीतल्या आयोडीनने आणि किरणोत्सारी आयोडीनच्या चाचण्यांनी दाखवले की टंचाई दोन्हीकडे तीव्र आहे. नैऋत्येतल्या लोकांच्या ग्रंथीही आयोडीनसाठी भुकेल्याच होत्या, फक्त त्या सुजल्या नव्हत्या. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या मंडळींनी काढलेला निष्कर्ष त्या काळी धाडसी होता: आयोडीनची कमतरता ही गलगंडाला वाट मोकळी करून देणारी अट आहे, ती एकटी तो घडवून आणतेच असे नाही. या वाक्याचे वजन समजून घेतले पाहिजे. कमतरता खोटी ठरली, असे ते म्हणत नाहीत. तिच्याशिवाय गलगंडाची साथ पसरत नाही, पण ती असूनही साथ नसू शकते, एवढेच ते म्हणतात. आवश्यक अट आणि पुरेसे कारण यांतला हा भेद तर्कशास्त्राच्या पुस्तकात सोपा वाटतो. रोगाच्या मैदानात तो उघडा पाडायला असेच दुभंगलेले बेट लागते.

मग उत्तरेत अधिकचे काय होते? बेटावर खाल्ल्या जाणाऱ्या अन्नपदार्थांची छाननी झाली, तेव्हा संशय कसावावर येऊन थांबला. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा बनतो, तोच हा कंद. १९७१ मध्ये देलांज आणि एर्मान्स यांनी मांडलेल्या प्रयोगांत कसावा खाल्ल्यावर थायरॉइडमध्ये शिरणारे किरणोत्सारी आयोडीन घटल्याचे आणि शरीरातले थायोसायनेट वाढल्याचे दिसले. यामागची रासायनिक वाट आता चांगली ठाऊक आहे. कसावाच्या, विशेषतः कडू जातींच्या, कंदात आणि पानांत लिनामारिन नावाचे द्रव्य असते. कंद चिरला, ठेचला किंवा चावला की त्यातून हायड्रोजन सायनाइड मोकळे होऊ लागते. नीट न भिजवलेल्या, न आंबवलेल्या किंवा घाईने वाळवलेल्या कंदातून त्याचा काही अंश पोटात जातो. शरीर त्या विषाला गंधकयुक्त द्रव्याशी जोडून थायोसायनेटमध्ये बदलते. जीव वाचतो, कारण थायोसायनेट सायनाइडच्या तुलनेत फारच सौम्य. पण त्याचा आकार आणि विद्युतभार आयोडाइडशी इतका मिळताजुळता असतो की थायरॉइडच्या पेशींवर आयोडाइड आत घेणाऱ्या वाहक प्रथिनासाठी ते आयोडाइडशी स्पर्धा करते, आणि मूत्रपिंडातून आयोडीन बाहेर जाण्यालाही हातभार लावते. म्हणजे शरीराने एका संकटातून सुटण्यासाठी जो पदार्थ तयार केला, तोच दुसऱ्या संकटाचे निमित्त होतो. हे वाहक प्रथिन ज्या जनुकापासून बनते ते १९९६ मध्ये ओळखले गेले आणि एकेकाळी परिस्थितीजन्य असलेल्या युक्तिवादाला रेणूच्या पातळीवरचा आधार मिळाला.

या शोधातून पुढे जे सूत्र निघाले, ते माझ्या मते संपूर्ण विषयाचा कणा आहे. काँगोतल्या उबांगी प्रदेशात, जिथे गलगंड आणि जन्मजात मतिमंदत्व दोन्ही फार तीव्र होते, एर्मान्स आणि सहकाऱ्यांनी लघवीतल्या आयोडीनचे थायोसायनेटशी असलेले प्रमाण मोजले. एक मिलिग्रॅम थायोसायनेटमागे किती मायक्रोग्रॅम आयोडीन, असा हा हिशेब. सामान्य परिस्थितीत तो आकडा सातच्या वर असतो. तो साधारण तीनच्या खाली गेला की वस्तीत गलगंड पसरू लागतो, आणि दोनच्या खाली गेला की मुलांमध्ये मतिमंदत्वाचे गंभीर रूप दिसू लागते. १९८० मध्ये कसावा आणि गलगंड यांवर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही मांडणी विस्ताराने आली. यातून एक गोष्ट लख्ख होते. तराजूच्या एका पारड्यात आयोडीन आहे आणि दुसऱ्यात थायोसायनेट. केवळ एक पारडे पाहून काटा कुठे आहे हे सांगता येत नाही. आयोडीन जेमतेम असेल पण थायोसायनेट नसेल, तर ग्रंथी तग धरते. इज्वीच्या नैऋत्येत बहुधा तेच घडत होते. आयोडीन भरपूर असेल, तर थायोसायनेटचा भार पचून जातो. दोन्ही बाजूंनी परिस्थिती वाईट झाली, की इज्वीचा उत्तर भाग तयार होतो.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, आयोडीन दिल्यावर गलगंड जातो, मग इतर कारणांचा घोळ कशाला? आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन दिल्यावर इज्वीवरच्या लोकांची स्थितीही सुधारली होती, आणि त्यांनी कसावा खाणे काही सोडले नव्हते. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष घसरडा आहे. एखाद्या उपायाने रोग बरा होतो म्हणून त्या उपायाचा अभाव हेच रोगाचे एकमेव कारण ठरत नाही. तापावर पॅरासिटामॉल लागू पडते, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या अभावाने येतो असे कोणी म्हणत नाही. आयोडीन दिल्याने गुणोत्तर सुधारते, कारण अंश वाढतो. छेद कमी करूनही ते सुधारले असते. यांपैकी पहिला मार्ग स्वस्त, जलद आणि हुकमी आहे, म्हणून तो निवडणे शहाणपणाचे. पण उपायाची सोय आणि कारणाचे सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हा भेद नुसता तात्त्विक नाही. थायोसायनेटचा भार मोठा असलेल्या वस्तीला, तो नसलेल्या वस्तीपेक्षा अधिक आयोडीन लागते. सगळीकडे एकच मात्रा पुरेल असे गृहीत धरणारी योजना अशा ठिकाणी कागदावर यशस्वी आणि गर्भाच्या मेंदूसाठी अपुरी ठरू शकते.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. कोट्यवधी लोक कसावा खातात, त्यांना सर्वांना गलगंड का होत नाही? याचे उत्तर वरच्या सूत्रातच आहे. केरळात कसावा पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो, पण तो उकडून, पाणी ओतून देऊन, आणि अनेकदा समुद्री मासळीच्या कालवणाबरोबर. म्हणजे एका पानातच छेद कमी होतो आणि अंश वाढतो. आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाणा बनवताना कंद किसून, पाण्यात धुऊन केवळ पिष्ट वेगळे काढतात, आणि त्या धुण्यात विद्राव्य लिनामारिन व सायनाइड बहुतांशी निघून जाते. उलट पूर्व नायजेरियात, जिथे कसावा मुख्य अन्न होते आणि आयोडीन कमी, तिथे एक्पेची यांनी १९६० च्या दशकातच कसावाचा गलगंडाशी संबंध दाखवला होता. थायोसायनेटचा माग काढायला कसावाच लागतो असेही नाही. तंबाखूच्या धुरातही सायनाइड असते, धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात थायोसायनेट वाढलेले असते, आणि आयोडीन कमी असलेल्या युरोपीय प्रदेशांत अशा लोकांमध्ये गलगंड अधिक आढळतो. वेगळा खंड, वेगळे व्यसन, पण यंत्रणा तीच. एखाद्या स्पष्टीकरणाची कसोटी हीच, की ते आपल्या जन्मगावापासून दूरही चालले पाहिजे.

तिसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. बेटावर बाहेरची सोयरीक कमी, तेव्हा दोष रक्तात असेल, असे म्हणणे सोपे आहे. गलगंडाची प्रवृत्ती काही घराण्यांत अधिक असते हे खरे आहे, आणि संप्रेरक बनवण्याच्या प्रक्रियेतले जन्मजात दोषही ज्ञात आहेत. पण असे दोष विरळ असतात. अर्धी लोकसंख्या त्यांनी ग्रासली जाईल ही कल्पना पटण्यासारखी नाही, आणि आयोडीन दिल्यावर ती एकदम सुधारेल ही तर नाहीच. आनुवंशिकता फार तर हे सांगेल की एकाच गावात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीचाच गळा का सुजला. गाव आणि गाव यांच्यातल्या दरीचे उत्तर तिच्याजवळ नाही. मातीचा मुद्दा यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण माती पिकातले आयोडीन ठरवते आणि कोणते पीक, कोणती जात, किती कडू, हेही ठरवते. म्हणजे माती हे तिसरे स्वतंत्र कारण नसून तराजूच्या दोन्ही पारड्यांना एकाच वेळी हात लावणारी गोष्ट आहे.

हा युक्तिवाद पुढे रेटताना स्वतःलाच लगाम घालणे जरूर आहे, आणि त्यासाठी टास्मानियाचे उदाहरण उपयोगी पडते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडचे हे बेट समुद्राने वेढलेले, तरी गलगंडग्रस्त. १९५० पासून तिथे शाळांतून मुलांना आयोडाइडच्या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या, पण अपेक्षेइतका फरक पडला नाही. तेव्हा क्लेमेंट्स यांनी संशय व्यक्त केला की गुरांना घातल्या जाणाऱ्या कोबीवर्गीय चाऱ्यातून दुधात आणि दुधातून मुलांत एखादे गलगंडकारक द्रव्य जात असावे. कल्पना आकर्षक होती. परंतु दुधातून येणारे प्रमाण रोग घडवण्याइतके असते, हे कधी निर्णायकपणे दाखवता आले नाही. १९६६ मध्ये पावात आयोडेट घातल्यावर आयोडीनचा प्रश्न बराचसा सुटला. म्हणजे प्रत्येक गलगंडामागे अन्नातला गुन्हेगार शोधत बसणे हेही चुकीचेच. इज्वीचा दावा टिकतो तो कल्पनेच्या मोहकपणामुळे नव्हे. तिथे तुलना करायला सारख्याच टंचाईचा दुसरा भाग होता, अन्नाचा परिणाम माणसांत मोजला गेला होता, द्रव्याचे नाव आणि त्याची वाट कळली होती, आणि त्या द्रव्याचे प्रमाण वाढेल तसा रोग वाढतो हे दुसऱ्या प्रदेशातही दिसले होते. टास्मानियात यांपैकी बहुतेक कड्या सुट्याच राहिल्या. जपानच्या होक्काइडोच्या किनाऱ्यावर तर चित्र पूर्ण उलटे आहे. १९६५ मध्ये सुझुकी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मासेमारी वस्त्यांमध्ये गलगंड नोंदवला, आणि त्याचे कारण होते कोंबू नावाच्या शेवाळाच्या भरपूर सेवनाने शरीरात जाणारे आयोडीनचे प्रचंड प्रमाण. अतिरेकी आयोडीन ग्रंथीचे काम तात्पुरते थोपवते हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखवले होते. ज्यांची ग्रंथी त्यातून सावरत नाही त्यांना गलगंड होतो. तेव्हा सुजलेला गळा पाहून लगेच टंचाईचे निदान करणे किती धोक्याचे, हे एकट्या होक्काइडोवरूनही कळावे.

थायोसायनेटवर गोष्ट थांबत नाही. १९८० च्या दशकात काँगोच्या या प्रदेशांत सेलेनियमचीही कमतरता असल्याचे आढळले. सेलेनियम दोन कामे करते: थायरॉइडमधल्या दाहक हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ग्रंथीचे रक्षण करणारी विकरे त्यावर चालतात, आणि थायरॉक्सिनचे अधिक प्रभावी रूपात रूपांतर करणारे विकरही. ते नसेल तर सततच्या तगाद्याखाली राबणारी ग्रंथी हळूहळू नष्ट होऊ शकते, आणि काँगोत सुजेऐवजी आकसलेल्या ग्रंथीची मतिमंद मुले का दिसतात, याचा काही अंशी खुलासा होतो. पण इथे एक इशाराही मिळाला. आयोडीन न देता फक्त सेलेनियम दिल्यावर अशा मुलांमधले आधीच तुटपुंजे थायरॉक्सिन आणखी खाली गेले. कमतरता आहे म्हणून ती भरून काढावी, हा सरळ विचार इथे घातक ठरला असता. एकमेकांत गुंतलेल्या घटकांच्या जाळ्यात कोणता धागा आधी ओढायचा, हे न कळता हात घालू नये, हा धडा इज्वी आणि उबांगीनेच दिला.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो विज्ञानाचा नसून न्यायाचा आहे. गरिबांच्या अन्नाला दोष देणे हा संशोधकांचा जुना छंद आहे, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य आहे. कसावा निकस जमिनीत, अपुऱ्या पावसात तग धरतो, जमिनीत महिनोन्महिने राहू शकतो, आणि कडू जातींना कीड व जनावरे कमी लागतात. युद्ध आणि दुष्काळ ओढवलेल्या मुलखात तो जीव तगवतो. त्याला सोडा असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणे. कारणाच्या साखळीत कसावाच्या आधी दारिद्र्य उभे आहे आणि त्याच्याही आधी कंद नीट तयार करायला कमी झालेला वेळ. कंद भिजवणे, आंबवणे, उन्हात वाळवणे या कृती आफ्रिकेतल्या स्त्रियांनी पिढ्यांच्या अनुभवातून घडवलेल्या आहेत, आणि विष काढायला त्या पुरेशा आहेत. टंचाईच्या काळात त्या अर्ध्यावर सोडाव्या लागतात, तेव्हाच विष ताटात येते. १९३८ मध्ये बेल्जियन काँगोत नोंदला गेलेला आणि १९८१ मध्ये मोझाम्बिकमध्ये साथीसारखा पसरलेला कोंझो हा पाय लुळे करणारा रोग याच घाईतून आणि प्रथिनांच्या अभावातून येतो. ज्या गंधकाच्या साह्याने शरीर सायनाइड निकामी करते तो प्रथिनांतूनच येतो, हे लक्षात घेतले की कसावाच्या दोषापेक्षा ताटात डाळ, शेंगा किंवा मासा नसण्याचा दोष मोठा वाटू लागतो.

शेवटी उपायांकडे वळले पाहिजे, कारण कारणमीमांसा कृतीपाशी जाऊन थांबली नाही तर ती फुकट. भारतात रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचे सामर्थ्य सिद्ध केले. त्या प्रयोगाच्या सुमारास, १९६२ मध्ये, राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नंतरच्या सर्वेक्षणांत हिमालयाच्या पायथ्यापलीकडे, महाराष्ट्रासह कोणतेच राज्य या कमतरतेपासून पूर्णपणे मुक्त नसल्याचे दिसले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात आयोडीनच्या कमतरतेचे सर्व विकार सामावून घेतले गेले. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही. उलट, गर्भाच्या मेंदूच्या दृष्टीने विचार केला तर आयोडीन पोचवण्यात एक दिवसाचीही दिरंगाई परवडणारी नाही. मात्र आयोडीनच्या अचानक आगमनाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती क्वांदे यांच्या रोग्यांपासून दिसत आली आहे. वर्षानुवर्षे उपाशी राहिलेल्या, गाठी पडलेल्या ग्रंथी आयोडीन मिळताच अनियंत्रितपणे संप्रेरक सोडू लागतात. टास्मानियात थायरॉइडच्या अतिकार्याचे रुग्ण वाढले. काही अंशी ती वाढ पाव येण्याआधीच, दुग्धालयांतल्या आयोडीनयुक्त जंतुनाशकांमुळे सुरू झाली होती. किवू प्रदेशात मिठात आयोडीन आल्यावर हृदयावर ताण आणणाऱ्या अशाच रुग्णांची नोंद १९९६ मध्ये झाली. याचा अर्थ मीठ बंद करावे असा नाही. अर्थ इतकाच की प्रत्येक वस्तीचा भूतकाळ तिच्या गळ्यात साठलेला असतो, आणि मात्रा ठरवताना, देखरेख करताना त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

पुढील प्रकरणांत बेटाचा भूगोल, तिथल्या लोकांचे अन्न, थायोसायनेटचे मोजमाप आणि उपचारांचे परिणाम यांचा तपशील येईल. तो वाचताना वाचकाने एक गोष्ट तपासून पाहावी अशी अपेक्षा आहे: प्रत्येक आकड्याला तो केवळ टंचाईच्या बाजूचा आहे की दोन्ही बाजूंचा, हा प्रश्न विचारावा. गलगंडाला एकच कारण आहे असे मानणाऱ्याला इज्वीच्या नैऋत्येतले सुजले नसलेले गळे समजत नाहीत, आणि त्याला अनेक कारणे आहेत एवढेच म्हणून थांबणाऱ्याला ती कारणे कोणत्या प्रमाणात एकत्र यावी लागतात हे सांगता येत नाही. शास्त्राचे काम या दोघांच्या पलीकडे सुरू होते. इज्वीने ते प्रमाण आकड्यांत मांडण्याची वाट उघडली, आणि म्हणूनच हे लहान बेट गलगंडाच्या अभ्यासात मोठ्या देशांच्या पंक्तीला बसते.